शहराचा विकी कोणत्या सॉफ्टवेअरवर उभारावा?

मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेह खानाने, तिला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले आणि २०२३ मध्ये शासनाच्या दप्तरी ती छत्रपती संभाजीनगर झाली. चारशे वर्षांत चार नावे. समजा, शहरातल्या एखाद्या संस्थेने या शहराचा इतिहास विकीच्या रूपात, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायच्या आणि एकमेकांचे दुरुस्त करायच्या संकेतस्थळावर मांडायचे ठरवले. पहिल्याच पानावर अडचण उभी राहील. जुन्या नावाने शोधणाऱ्याला नव्या नावाच्या पानापर्यंत पोहोचवायचे कसे?

विद्यापीठाचेही तसेच. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याआधीचा प्रत्येक प्रबंध, प्रत्येक पदवी जुन्या नावाने नोंदलेली आहे. त्यात कोणी वेरूळ लिहितो, कोणी एलोरा. कोणी देवगिरी, कोणी दौलताबाद. कोणी पाणचक्की, कोणी पानचक्की. नहर म्हटले की एकाला नहर-ए-अंबरी आठवते, दुसऱ्याला थत्ते नहर. स्वतःच्या सर्व्हरवर विकी बसवायला निघालेल्या माणसासमोर डझनभर सॉफ्टवेअरची नावे येतात आणि त्या प्रत्येकाच्या गुणांची लांबलचक यादीही येते. या शहरासाठी निवड करताना ती यादी बाजूला ठेवावी आणि आधी नावांविषयीचे हे साधे प्रश्न विचारावेत.

असे काम जगात झालेले आहे. व्हिएन्ना शहराने २०१४ मध्ये आपल्या इतिहासाचा विकी खुला केला. शहराचे अभिलेखागार आणि नगर ग्रंथालय तो मिळून चालवतात. त्याचा पाया छापील आहे. फेलिक्स चाइके यांनी सिद्ध केलेल्या व्हिएन्नाच्या बहुखंडी इतिहासकोशातल्या नोंदी आधी त्यात भरल्या गेल्या आणि मग त्यांत भर पडत गेली. त्याच्या मुळाशी मीडियाविकी हे विकी-सॉफ्टवेअर आहे आणि त्यावर माहिती रकान्यांत नोंदवणारी सिमँटिक मीडियाविकी ही जोडणी. जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहराचा विकी २००४ पासून मीडियाविकीवरच आहे आणि तो तिथल्या नागरिकांनी लिहिला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या छोट्या विद्यापीठ-गावाचा विकीही २००४ चाच. तो सुरू करणाऱ्यांनी मात्र आपले सॉफ्टवेअर स्वतः घडवले आणि काही वर्षांनी ते बाजूला ठेवून दुसरे नव्याने लिहावे लागले. त्यांच्यात प्रोग्रामर होते, म्हणून ते निभावले. ज्या संस्थेत तसे कोणी नाही, तिने जगात हजारो ठिकाणी चालू असलेलेच सॉफ्टवेअर घ्यावे.

इथे कोणी विचारील, की मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहेच, मग वेगळा विकी कशाला? कारण विकिपीडियाचे नियम वेगळ्या हेतूने केलेले आहेत. तिथे विषय पुरेसा उल्लेखनीय असावा लागतो, प्रत्येक विधानाला छापील किंवा प्रकाशित आधार लागतो आणि मूळ संशोधन चालत नाही. एखाद्या गल्लीतल्या आटलेल्या हौदाची मोजमापे, हिमरू कापड विणणाऱ्या घराण्यांच्या आठवणी, पाडल्या गेलेल्या दरवाजाचा कुणाच्या तरी घरातला फोटो या सगळ्याला तिथे जागा मिळणे कठीण. आणि हीच माहिती सर्वांत आधी नाहीशी होते.

दुसऱ्याच्या फुकट सेवेवर विसंबणेही धोक्याचे. विकीस्पेसेस नावाची सेवा जगभरातल्या शिक्षकांनी वर्गासाठी वापरली आणि ती २०१८ मध्ये बंद झाली. पैसे मोजणाऱ्यांचीही सुटका नसते. मोठ्या कंपन्यांत रुळलेल्या कॉन्फ्लुअन्सची स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी 'सर्व्हर' आवृत्ती अ‍ॅटलासियन कंपनीने १५ फेब्रुवारी २०२४ नंतर वाऱ्यावर सोडली. ज्यांचा मजकूर आणि ज्यांचे सॉफ्टवेअर दोन्ही मुक्त असतात, त्यांना अशा तारखांची काळजी करावी लागत नाही.

विकीची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांची. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी पहिला विकी लोकांसाठी खुला केला. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा तो यूजमॉडविकी नावाच्या छोट्या पर्ल प्रोग्रामवर चालत होता. लेख वाढले, वाचक वाढले आणि तो प्रोग्राम दमला. २००२ च्या जानेवारीत मॅग्नस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपीमध्ये लिहिलेली प्रणाली आली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा लिहून काढली. तीच पुढे मीडियाविकी झाली.

नामांतराच्या प्रश्नाला सर्वांत नेटके उत्तर मीडियाविकीकडे आहे. तिथे पानाचे स्थानांतरण केले, की जुन्या नावाचे पान आपोआप पुनर्निर्देशन होऊन मागे उरते. जुने दुवे तुटत नाहीत आणि 'औरंगाबाद' लिहून शोधणारा बरोबर जागी पोहोचतो. 'पानचक्की'वरून 'पाणचक्की'कडे नेणारे एका ओळीचे पान कोणीही अर्ध्या मिनिटात करू शकतो. 'नहर' या नावाचे एक निःसंदिग्धीकरण पान केले, की वाचक आपल्याला हवी ती नहर निवडतो. शिवाय प्रत्येक बदल कोणी, कधी, काय केला याची नोंद कायम राहते. वादाच्या विषयांनी भरलेल्या शहरासाठी ही सोय फार मोलाची आहे. एखाद्या वास्तूचे श्रेय कोणाला, यावर दोघांचे मत जुळले नाही, तरी पहिल्याचा मजकूर पुसला जात नाही आणि चर्चा पानावर वाद मांडायला स्वतंत्र जागा असते.

मराठी मीडियाविकीत मुरलेली आहे, याचे कारण अर्थात मराठी विकिपीडिया. स्वयंसेवकांनी तिच्या शेकडो सूचना आणि बटणे मराठीत आणली आहेत. मांडणीच्या फाइलमध्ये भाषा मराठी लिहिली, की चर्चा, सदस्य, साचा, वर्ग हे सगळे मराठीत दिसू लागते. आकडेही देवनागरी होतात आणि नको असतील तर एका ओळीने ते बंद करता येतात. युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर ही जोडणी बसवली, तर संगणकावर मराठी कळफलक नसलेल्यालाही रोमन अक्षरांतून टंकलेखन करता येते. आणि १.३५ या आवृत्तीपासून व्हिज्युअल एडिटर मीडियाविकीसोबतच येतो. चौकटी कंसांची आणि तारकांची खूणभाषा शिकायला निवृत्त प्राध्यापकांनी नकार दिला, तर तो समजण्यासारखा आहे. वर्डसारख्या चौकटीत लिहायला ते तयार होतात.

डोकूविकी या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे आकर्षण वेगळे. आंद्रेआस गोहर यांनी २००४ मध्ये ती सुरू केली. तिला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकूर फाइल. संपूर्ण विकीची प्रत घ्यायची, तर दोन फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवले की काम झाले. सर्व्हर कोलमडला, तरी त्या फाइली कोणत्याही संगणकावर नोटपॅडमध्ये वाचता येतात. कोणत्या गटाने काय वाचावे आणि काय बदलावे, याचे नियम तिच्यात मुळातच आहेत. मीडियाविकीत ते नाहीत. काही पाने काहींपासून लपवण्यासाठी ती बनवलेलीच नाही, असे तिचे कर्तेच सांगतात. महाविद्यालयाच्या एखाद्या विभागाला अभ्यासक्रम, प्रयोगांच्या पुस्तिका आणि परीक्षा कामाच्या नोंदी एका ठिकाणी ठेवायच्या असतील, तर डोकूविकी पुरेशी आहे आणि सांभाळायला सर्वांत सोपी आहे.

पण मराठीत लिहिणाऱ्याने तिच्यातला एक बारकावा पहिल्याच दिवशी जाणून घ्यावा. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो, अनुस्वार असो वा हलंत, यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. डोकूविकीच्या मूळ मांडणीत पानाचे नाव फाइलीला देताना प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन रोमन अक्षरे किंवा आकडे अशा रूपात लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत फाइलीचे नाव २५५ बाइटांपेक्षा लांब असू शकत नाही. शेवटचे '.txt' वजा करून भागाकार केला, तर मराठी नावाला जेमतेम २७ चिन्हे उरतात. 'छत्रपती संभाजीनगर' सोळा चिन्हांत बसते. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' या नावात मात्र मोकळ्या जागा आणि पूर्णविराम सोडून ३५ चिन्हे आहेत. त्यांना ३१५ बाइट लागतात आणि त्या नावाची फाइल तयारच होत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला ही अडचण जवळजवळ कधी येत नाही, म्हणून तुलना करणाऱ्या लेखांत ती दिसत नाही. उपाय सोपा आहे. फाइलनावांचे संकेतन ठरवणारी एक मांडणी आहे. ती यूटीएफ-८ वर ठेवली, की तेच नाव सव्वाशे बाइटांच्या आत बसते. हा बदल पहिले पान लिहिण्याआधी करावा, कारण नंतर केला तर आधीच्या पानांच्या फाइली सॉफ्टवेअरला सापडत नाहीत. मीडियाविकीतही शीर्षकाला २५५ बाइटांचीच मर्यादा आहे, पण तिथे एका चिन्हाला तीनच बाइट धरले जात असल्याने ८५ चिन्हांची मोकळीक मिळते. आणि डोकूविकीत पानाचे नाव बदलण्यासाठी वेगळे प्लगिन बसवावे लागते. वारंवार नावे बदलणाऱ्या विषयांसाठी ही उणीव छोटी नाही.

वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात गरज आणखी वेगळी असते. यंत्राची देखभाल कशी करावी, पाळी बदलताना काय तपासावे, बिघाड झाला तर कोणाला कळवावे, हे ज्येष्ठ कारागिरांच्या डोक्यात असते आणि ते निवृत्त झाले की जाते. अशा ठिकाणी बुकस्टॅक शोभते. डॅन ब्राउन यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये कपाट, पुस्तक, प्रकरण आणि पान अशी उतरंड आहे आणि ती समजावून सांगावी लागत नाही. दिसायला स्वच्छ, शिकायला सोपे. मराठीसाठी मात्र त्याची पीडीएफ सोय तपासून घ्यावी. ते मुळात डॉमपीडीएफ वापरते आणि डॉमपीडीएफला देवनागरीची जोडणी जमत नाही. जोडाक्षरे सुटी पडतात, पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. ब्राउझरमधूनच छपाई केली, तर पान नीट येते.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. विकी.जेएस देखणे आहे, पण नोड.जेएस आणि पोस्टग्रेएसक्यूएल सांभाळणारा माणूस हाताशी हवा. एक्सविकी जावावर चालते. तिची ताकद मोठी आणि भूकही मोठी, लहान संस्थेने तिच्या वाटेला जाऊ नये. जेरेमी रस्टन यांची २००४ ची टिडलीविकी म्हणजे अख्खा विकी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये. एकट्या संशोधकाच्या टिपणांना ती उत्तम. अनेकांनी एकाच वेळी लिहायला नाही.

सॉफ्टवेअर ठरले, तरी मराठी मजकुराची तयारी उरतेच आणि खरे कष्ट तिथेच आहेत. मराठवाड्यातल्या संस्थांकडे स्मरणिका, गौरवग्रंथ, ग्रामइतिहास यांच्या जुन्या डीटीपी फाइली पडून आहेत. त्या बहुतेक श्रीलिपी, आकृती किंवा तत्सम फाँटमधल्या. विकीत चिकटवल्या, की अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये परिवर्तित कराव्या लागतात आणि परिवर्तनानंतर कोणीतरी मराठी जाणणाऱ्याने ओळ न् ओळ वाचावी लागते, कारण रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक अदृश्य खोच राहते. दौलताबादच्या किल्ल्यावरच्या 'पायऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतात. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ येतो. दुसरीत साधा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. संगणकाला ते वेगळे वाटतात, म्हणून एका तऱ्हेने शोधले तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले पान सापडत नाही. लेखकांनी एकच पद्धत वापरायची हे सुरुवातीला ठरवावे आणि मदत पानावर लिहून ठेवावे.

शोधाचे आणखी एक दुखणे विभक्तीचे आहे. 'किल्ला' शोधणाऱ्याला 'किल्ल्यावर', 'किल्ल्यातील', 'किल्ल्याच्या' हे शब्द असलेली पाने हवी असतात. साधा शोध पूर्ण शब्दच जुळवतो. मीडियाविकी आणि डोकूविकी या दोन्हींत शब्दाच्या शेवटी तारका लावता येते, म्हणजे 'किल्ल*' असे शोधले की बहुतेक रूपे मिळतात. विकिपीडिया शोधासाठी वेगळे आणि जड सॉफ्टवेअर वापरतो; काही हजार पानांच्या शहर-विकीला त्याची गरज नाही. तारकेची युक्ती मुखपृष्ठावर दोन ओळींत सांगितली आणि पर्यायी नावांची पुनर्निर्देशने भरपूर केली, तर वाचकाचे काम अडत नाही.

सर्व्हर कुठे असावा? महाविद्यालयाच्या संगणक कक्षातले एखादे जुने यंत्र डोकूविकीला पुरते, पण वीज, यूपीएस, स्थिर आयपी पत्ता आणि मे महिन्यातला उन्हाळा या सगळ्यांची जबाबदारी संस्थेवर येते. लोकांसाठी खुला असलेला विकी भाड्याच्या छोट्या आभासी सर्व्हरवर ठेवणे शहाणपणाचे. एक-दोन जीबी मेमरीत मीडियाविकी सुरुवातीला आरामात चालते. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळते आणि आपोआप नव्याने घेतले जाईल अशी सोय करता येते. आवृत्ती निवडताना दीर्घकालीन पाठबळ असलेलीच घ्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली मीडियाविकी १.४३ तशी आहे आणि तिला तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. मधल्या आवृत्त्यांचे आयुष्य साधारण वर्षभराचेच असते.

विकी कोणालाही लिहिण्यासाठी सताड उघडा ठेवला, तर काही दिवसांतच जाहिराती टाकणारे यांत्रिक सदस्य तो भरून टाकतात. बघायला सर्वांना मोकळीक आणि लिहायला नोंदणी, हा मध्यम मार्ग. मीडियाविकीसोबत येणाऱ्या कन्फर्मएडिट जोडणीत नोंदणीच्या वेळी आपल्या मनाचा प्रश्न विचारता येतो. पाणचक्कीशेजारी कोणाचा दर्गा आहे, असा प्रश्न शहरातल्या माणसाला अवघड नाही. परदेशातल्या स्वयंचलित प्रोग्रामला तो बऱ्याच अंशी रोखतो.

बॅकअपच्या बाबतीत मीडियाविकीत तीन गोष्टी लागतात: डेटाबेसची प्रत, चित्रांचा फोल्डर आणि मांडणीची फाइल. तिन्हींची प्रत दुसऱ्या जागी, शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी, आणि वर्षातून एकदा तरी त्या प्रतीवरून विकी दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभा करून पाहावा. पुढे सॉफ्टवेअर बदलावेसे वाटले, तर पॅनडॉक नावाचे मुक्त साधन मीडियाविकी आणि डोकूविकी या दोन्हींची खूणभाषा वाचते आणि लिहिते, त्यामुळे मजकूर अडकून पडत नाही. मजकुराचा परवानाही पहिल्याच दिवशी पानाच्या तळाशी लिहावा. लेखकांनी आपले लेखन क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्याखाली दिले, तर पुढची पिढी कोणाचीही परवानगी न शोधता ते वापरू शकते. नंतर शंभर लेखकांना गाठून संमती घेणे शक्य होत नाही.

मग छत्रपती संभाजीनगरच्या विकीसाठी कौल कोणाला? मीडियाविकीला. पुनर्निर्देशने, मराठीची मुरलेली साथ, बदलांचा चोख इतिहास आणि व्हिएन्ना, कार्ल्सरूहचा अनुभव यांपुढे तिचे थोडे जास्तीचे वजन सोसण्यासारखे आहे. व्हिएन्नाप्रमाणे प्रत्येक दरवाजाचे बांधकाम वर्ष, बांधणारा आणि सध्याची अवस्था रकान्यांत नोंदवायची असेल, तर सिमँटिक मीडियाविकी नंतर जोडता येते. पहिल्या वर्षी तिचा भार नको. विभागापुरता, संस्थेपुरता विकी हवा असेल तर डोकूविकी, फाइलनावांची मांडणी बदलून. कारखान्याला बुकस्टॅक.

शहरातल्या इतिहासप्रेमी मंडळांनी, महाविद्यालयांच्या इतिहास आणि संगणक विभागांनी एकत्र बसून एवढे ठरवावे, की यंत्र कोण सांभाळणार आणि मजकूर कोण तपासणार. ही दोन नावे कागदावर आली, की पहिली पाने भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा आणि नहर-ए-अंबरी यांची करावीत, आणि ज्यांच्या घरी या जागांचे जुने फोटो आहेत त्यांना ते स्कॅन करण्यासाठी आणायला सांगावे.